उशीवरची सुपारी

१

कावेरीबाईंची सकाळ घड्याळाकडे न बघता चालायची. पाचला उठणं, आंघोळ, तुळशीला पाणी, विठोबापुढे समई, आणि साडेसहाला उशी. पहिल्या चार गोष्टी लग्न होऊन म्हैसूरला आल्यापासूनच्या, म्हणजे त्रेचाळीस वर्षांच्या. उशी गेल्या तीन महिन्यांतली. पण बाईंनी तिला असं काही ओळीत बसवलं होतं की बघणाऱ्याला वाटावं, हीसुद्धा सासूबाईंनीच शिकवली असेल.

उशी हॉस्पिटलातून आलेली. पाटासारखी रुंद, पाठीखाली घ्यायची, आणि तिला वायरीनं जोडलेली एक पांढरी पेटी. नागोजीरावांच्या छातीत, हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीत, डॉक्टरांनी जांघेतून तार घालून एक बारीकसं यंत्र नेऊन ठेवलं होतं. आतला दाब ते मोजायचं. दाब वाढला, अंगात पाणी साठायला लागलं, तर पाय सुजायच्या आणि धाप लागायच्या कितीतरी आधी हॉस्पिटलला कळायचं आणि गोळ्या कमी-जास्त व्हायच्या. वर्षभरात दोनदा नागोजीरावांना रात्रीतून उचलून न्यावं लागलं होतं. तिसऱ्यांदा नेलं तर परत आणता येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर त्यांच्या मुलाला, सात्विकला, बाजूला घेऊन म्हणाले होते. बाजूला म्हणजे पडद्याआड. पडद्याअलीकडे बाई उभ्या होत्या.

"पहिले नव्वद दिवस रोज, एकाच वेळेला," हॉस्पिटलातल्या पवित्रा सिस्टरनं बजावलं होतं. "एकही दिवस चुकवू नका अम्मा."

एकही खाडा नको. ही भाषा बाईंना सिस्टरपेक्षा जास्त कळत होती. त्याच संध्याकाळी गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात जाऊन त्या बोलून आल्या: नव्वद दिवस नेम मोडणार नाही, आणि नव्वद झाले की ह्यांच्या हातानं शिवलेला अंगरखा देवाच्या अंगावर घालीन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रीडिंग झालं की त्या करंगळीनं कुंकवाचा ठिपका द्यायच्या.

नागोजीराव देवराज मोहल्ल्यातले जुने शिंपी. खाली दुकान, वर घर. त्यांना ह्या सगळ्याची गंमत वाटे. "जन्मभर लोकांच्या ब्लाउजांना हुक लावले. आता डॉक्टरनं मला आतून लावला." उशीवर पडल्या पडल्या ते ओरडायचे, "कावेरी, ये गं, तुझी सवत वाट बघतेय!"

"तोंडाला काही धरबंध? श्वास सोडा आधी नीट."

बटण दाबलं की पेटी गुणगुणायला लागायची. भुंगा फुलावर फिरावा तसा आवाज खाली-वर फिरे, मग एका सुरावर येऊन थांबे, आणि पेटीतली बाई इंग्रजीत म्हणे, 'रीडिंग कम्प्लीट. थँक यू.' कावेरीबाई नकळत हात जोडायच्या.

उशी लावून द्यायला आलेल्या माणसानं त्यांना एक सांगितलं होतं, ते त्यांच्या मनातून जात नसे. "आतल्या यंत्राला सेल नाही अम्मा. ते एरवी निजलेलंच असतं. उशी हाक मारते, तेवढ्यापुरतं जागं होतं, उत्तर देतं, परत निजतं. आणि हो, उशीजवळ धातू नको."

हाक मारायची. आलेल्यानं उत्तर द्यायचं. मग त्याला निरोप द्यायचा. यात न समजण्यासारखं काय होतं? बाई रोज देवाशी हेच करत होत्या.

२

ब्याऐंशी ठिपके झाले आणि नागोजीराव सरगूरला गेले.

मानाजीराव त्यांचे लहानपणचे स्नेही. त्यांच्या मुलीचं लग्न, आणि मुलीच्या बापाचा कोट नागोजीरावांनीच शिवायचा हा तीस वर्षांपूर्वीचा शब्द. "कोट देतो, अंगावर घालून बघतो, संध्याकाळच्या बसनं परत. लग्नाला थांबत नाही, झालं?" असं म्हणून ते गेले. रात्री आठला फोन आला.

"अगं, बाही उसवून परत लावावी लागली. मान्याचं पोट किती वाढलंय, विचारू नको. शेवटची बस गेली. सकाळची पहिली धरतो, नऊपर्यंत दारात."

"नऊ? आणि साडेसहाचं?"

"एक दिवस गं, कावेरी. एका दिवसानं काय मरतो का मी?"

बाईंनी फोन ठेवला आणि "नारायण, नारायण" म्हणत देवापुढे दिवा सारखा केला. असं अभद्र कशाला बोलायचं माणसानं?

सकाळी साडेसहाला बाई उशीच्या खोलीत उभ्या होत्या. पलंगावर उशी, शेजारी पेटी, पेटीवर हिरवा दिवा. पडदा बाजूला केलेला. बाजाराच्या बाजूनं फुलवाल्यांची हाळी येत होती. सगळं रोजचं. माणूस तेवढा नव्हता. कॅलेंडरवर त्र्याऐंशीचा चौकोन कोरा होता, आणि तो कोराच राहणार होता.

मग त्यांना सुपारी आठवली.

नवरा परगावी असला आणि जोडप्यानं करायची पूजा टळत नसली की त्याच्या पाटावर सुपारी ठेवायची, हे सासूबाईंनी दाखवलेलं. नागोजीराव कापड आणायला बेंगळुरूला गेले असताना एकदा सत्यनारायण असाच झाला होता. बाईंनी डब्यातून चांगली गोल, टणक सुपारी काढली. धातू नको, म्हणून ताटलीऐवजी पानांचा द्रोण घेतला. द्रोणात तांदूळ, तांदळावर सुपारी, आणि द्रोण उशीच्या मधोमध.

यंत्राला फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. आपला हात बटणापर्यंत गेला, नेम आपल्याकडून मोडला नाही, एवढं समाधान हवं होतं. ह्यांच्या जागी ही सुपारी, असं म्हणून अक्षता वाहायच्या, संपलं. पण रात्रभर डोळा लागला नव्हता, जीव सरगूरच्या रस्त्यावर अडकला होता. अक्षता टाकताना तोंडून निघालं ते वेगळंच.

"अहो, या. या इथे. बसा."

आणि त्यांनी बटण दाबलं.

पेटी गुणगुणायला लागली. आवाज खाली गेला, वर गेला, खाली गेला. बाईंनी हात जोडले ते सवयीनं. आता ती बाई इंग्रजीत काहीतरी नाही म्हणेल, मग आपण दूध तापवायला जाऊ.

आवाज एका सुरावर येऊन थांबला.

'रीडिंग कम्प्लीट. थँक यू.'

३

बाईंनी वाकून द्रोण सगळ्या बाजूंनी बघितला. द्रोण जिथे होता तिथेच होता. सुपारी म्हणजे सुपारी. यंत्रच ते, चुकलं असेल. कालचाच आकडा पुन्हा पाठवला असेल. पूजा केली आहे तर उठवायला हवी, म्हणून त्यांनी विसर्जनाच्या अक्षता चिमटीत घेतल्या, आणि खालची घंटी वाजली.

घड्याळात पावणेसात.

घंटी दोनदा वाजवायची नागोजीरावांची पद्धत होती. ही दोनदाच वाजली. बाईंच्या हातातल्या अक्षता जमिनीवर सांडल्या. द्रोण उचलून त्यांनी जसाच्या तसा देवघरात नेऊन ठेवला आणि धावत जाऊन वरूनच दोरी ओढून खालची कडी काढली.

नागोजीराव जिना चढून आले. चौदा पायऱ्या. सातवीवर उभं राहायचं, कठड्याला धरायचं, "थांब गं, इंजिन तापलं" म्हणायचं, हे दोन वर्षांचं ठरलेलं. त्या दिवशी ते एका दमात वर आले.

"नऊ म्हणाला होतात ना?"

"मानाजीच्या जीपनं आलो."

"आणि चपला कुठे?"

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, जसं काही आत्ताच लक्षात आलं. पाय अनवाणी होते. पण सरगूरची लाल माती नाही, धूळ नाही. धुतल्यासारखे स्वच्छ.

"राहिल्या वाटतं," ते म्हणाले आणि खोलीत जाऊन खुर्चीवर बसले.

दहाला पवित्रा सिस्टरचा फोन. "अम्मा, तिंडी आयता?" नाश्ता झाला का, हे आधी विचारल्याशिवाय ती कामाचं बोलत नसे. "आज सरांना काय खायला घातलंत? एकवीस! इतक्या दिवसांत पस्तीसच्या खाली नव्हता आकडा. तुंबा चेन्नागिदे, फार छान! आणि ठोके बघा, एकसारखे. सरांचे ठोके तर नेहमी अडखळतात."

"तुम्ही नीट बघितलंत ना सिस्टर?"

"माझ्यासमोर आहे अम्मा. सुईदोऱ्यानं घातलेल्या टाक्यांसारखी रेघ आहे."

कावेरीबाईंनी सुपारीचं सांगितलं नाही. काय सांगणार? दुपारी सात्विकला फोनवर आडून विचारलं, तर तो हसला. "आई, सिग्नल असतात ते. आजूबाजूला शंभर वायफाय. चुकून काहीतरी पकडलं असेल. बाबा बरे आहेत ना?"

"बरेच आहेत," त्या म्हणाल्या. ते खरंही होतं. त्यांनी त्र्याऐंशीवर ठिपका दिला. पण ठिपका चौकोनाबाहेर गेला.

४

दुसऱ्या दिवशी नागोजीराव उशीवर पडले. सवतीची चेष्टा नाही, काही नाही. हात छातीवर, डोळे छताकडे.

पेटी गुणगुणली. आवाज खाली-वर फिरला, पुन्हा फिरला, लांबवर गेला, परत आला. गर्दीत पोर हरवलं की आई कसं वेड्यासारखं इकडेतिकडे बघत नाव घेते, तसं काहीतरी त्या आवाजात बाईंना वाटलं. मग पेटीतली बाई म्हणाली, 'सेन्सर नॉट फाउंड.'

"जरा डाव्या अंगाला सरका हो."

ते सरकले. 'सेन्सर नॉट फाउंड.'

तिसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा आवाजाच्या मागे आणखी एक आवाज होता. बारीक, कोरडा. सुपातले तांदूळ कोणी हलक्या हातानं पाखडावे तसा. तो देवघरातून येत होता.

बाई गेल्या. द्रोणातले तांदूळ थरथरत होते. सुपारीपासून लांब सरकत होते, थोडे थोडे, ठोक्याठोक्यानं. सुपारीभोवती बोटभर रिकामं कडं पडलं होतं. खोलीतली पेटी थांबली तसे दाणे थांबले.

हे पाणी भरणाऱ्या पंपानं होतं, त्यांनी स्वतःला सांगितलं. शेजारचा पंप लागला की आपली भांडी वाजतात की नाही? वाजतात. पण पंप साडेसातला लागतो हे त्यांनाच ठाऊक होतं.

त्यांनी काय करायला हवं होतं ते त्यांना पुढे सात दिवस कळत राहिलं. तेव्हा मात्र एवढंच सुचलं की चौऱ्याऐंशीचा चौकोन कोरा राहता कामा नये. द्रोण दोन्ही हातांनी धरून त्या खोलीत आल्या आणि नागोजीरावांच्या डोक्यामागे, चादरीच्या आड, ठेवला. बटण दाबलं.

'रीडिंग कम्प्लीट. थँक यू.'

"सापडलो का?" नागोजीरावांनी विचारलं. मान न वळवता.

"सापडलात," बाई म्हणाल्या.

५

घरात सगळं बरं चाललं होतं, आणि तेच बाईंना सोसेना.

पायांची सूज गेली. धाप गेली. रात्री तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपणारा माणूस सरळ आडवा निजायला लागला, आणि खोलीत घोरणं तर सोडाच, श्वासाचाही आवाज नाही. हॉस्पिटलनं पाणी काढायची गोळी अर्धी केली, दोन दिवसांनी बंद केली. सिस्टर म्हणाली, "मोठे डॉक्टर सरांची रेघ विद्यार्थ्यांना दाखवतायत."

नागोजीराव खुर्चीवर बसून देवाचा अंगरखा शिवत. पिवळं रेशीम, म्हैसूरचंच. ते दिवसभर बसत. जेवायला हाक मारली की येत, दोन घास घेत, पुन्हा बसत. दोरा ओवण्याआधी तो ओठात धरून ओला करायची त्यांची जन्माची खोड. आता ते कोरडाच दोरा पहिल्या फटक्यात ओवत. टाके असे पडत की मोजून घ्यावेत.

पाचव्या दिवशी बाई धीर करून हसत म्हणाल्या, "अहो, बारीक झालात हो. तुमचंच माप घेऊन बघा एकदा."

छातीचं माप दोनदा घ्यायचं, हा त्यांच्या दुकानाचा नियम. एकदा श्वास भरून, एकदा सोडून. दीड-दोन इंचांचा फरक पडतो, त्याच्या मधलं धरायचं. नाहीतर गिऱ्हाईक ऐटीत छाती फुगवतं आणि घरी गेल्यावर कोट लोंबतो. किती शिकाऊ पोरांना त्यांनी हे टेपनं टपली मारून शिकवलं होतं.

नागोजीरावांनी टेप छातीभोवती घेतला. "भरून. छत्तीस."

जरा थांबले.

"सोडून." टेप हलला नाही. "छत्तीस."

त्यांनी टेप पुन्हा गळ्यात टाकला आणि बाईंकडे बघितलं. त्या नजरेत घाबरणं नव्हतं, ओळखही थोडीच होती. दुकानात वेळेआधी येऊन बसलेलं गिऱ्हाईक बघतं तसं ते बघत होते.

"कावेरी," ते म्हणाले, "किती वेळ बसायचं गं अजून?"

६

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मानाजीरावांचा फोन आला. आवाजात राग आणि लाज दोन्ही.

"वहिनी, लग्नाच्या गडबडीत फोन करायचा राहिला. पण नागोजीचं हे वागणं बरं का? माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं."

"का हो, काय झालं?"

"काय झालं! त्या दिवशी सकाळी ओट्यावर बसला होता, मी चहा आणायला आत गेलो. साडेसहाची गोष्ट. आतून मला ऐकू आलं, हा 'आलो, आलो' म्हणतोय. मला वाटलं मलाच म्हणतोय. बाहेर येतो तर गडी नाही. चपला ओट्याखाली. गोळ्यांची डबी उशाशी. बसस्टँडवर माणूस पाठवला, तिथे कोणी बघितला नाही."

"तुमच्या जीपनं आले ना ते?"

"कुठली जीप? जीप विकून सहा वर्षं झाली वहिनी." मग आवाज मऊ करून, "घरी नीट पोचला ना पण?"

बाईंनी खोलीकडे पाहिलं. दारातून खुर्ची दिसत होती, पिवळं रेशीम दिसत होतं, वर-खाली होणारा हात दिसत होता.

"पोचले," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मंदिरात आरतीनंतर त्या शंभूरावांजवळ थांबल्या. शंभूराव मंदिराची पूजा बघत, ऐंशीचे, कानानं थोडे कमी.

"काका, आमच्या एका ओळखीच्यांकडे सुपारीवर आवाहन केलं आणि विसर्जन राहून गेलं. पाच दिवस झाले."

"राहू दे की. घाबरायचं काय त्यात? अक्षता टाकायच्या, बोटानं जरा उत्तरेला सरकवायची. सुम्ने, उगीच आपलं एवढंसं. सरकवली की आलेलं जातं."

"कुठे जातं?"

"जिथून आलं तिथे. बोलावलेल्याला किती दिवस बसवून ठेवणार? त्यालाही आपलं घर असतं ना, कावेरम्मा."

"आणि ते इथे असल्यानं तिथलं घर ओस पडलं असलं तर?"

शंभूरावांना ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही. निरांजनावर हात फिरवून त्यांनी तो डोळ्यांना लावला.

घरी येताना फूलबाजाराच्या कडेनं बाई एकट्याच चालत होत्या आणि मनात हिशोब असा होता: सरकवली तर हे जातील. हे गेले म्हणजे कोण जाईल? न सरकवली तर खुर्ची रिकामी होणार नाही, आकडा एकवीस राहील, सात्विक खूश, डॉक्टर खूश, कुंकू कपाळावर. फक्त सरगूरहून निघालेलं कुणीतरी, धापा टाकत, चपलांशिवाय, गोळ्यांशिवाय, पाच दिवस कुठेतरी रस्त्यात असेल. मी "या" म्हटलं म्हणून उठलेलं. आणि त्याची जागा इथे भरलेली.

त्या माणसाला सातव्या पायरीवर थांबावं लागत होतं. त्याचा आकडा वाईट होता. पण तो त्यांचा होता.

७

नव्वदावा दिवस. पाचला उठणं, आंघोळ, तुळस, समई.

सव्वासहाला बाई खोलीत आल्या तेव्हा नागोजीराव खुर्चीवर बसलेलेच होते. अंगरखा पुरा झाला होता, एक गळपट्टी सोडून. बाईंनी उशीच्या मधोमध द्रोण ठेवला. सात दिवसांत पानं वाळून कडक झाली होती. सुपारी मात्र पहिल्या दिवशी ठेवली तशीच उभी, तिला अजून एकदाही बोट लागलं नव्हतं.

"आज मी नको पडायला?" खुर्चीतून प्रश्न आला.

"आज नको."

"बरं."

बाईंचे डोळे भरून आले. परका का असेना, आठ दिवस बसला होता बिचारा, मुकाट्यानं, सांगितलं तिथे. त्यांनी हळदकुंकवानं माखलेल्या अक्षता घेतल्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी हाक मारली ती नीट मारली नाही. तुम्ही आलात, बसलात, नेम सांभाळलात. आता आपल्या ठिकाणी जा. आणि ज्यांची ही जागा आहे ते कुठे असतील तिथून येऊ देत. जसे असतील तसे. धापा टाकत आले तरी चालतील. माझी काही तक्रार नाही."

अक्षता सुपारीवर पडल्या. साडेसहा वाजले होते. बटण कोणी दाबलं नव्हतं, पण पेटी गुणगुणायला लागली.

बाईंनी तर्जनी पुढे केली. सुपारी गरम होती. तापाच्या कपाळासारखी. एवढीशी वस्तू, पण सरकवायला त्यांना अंगातलं सगळं बळ लावावं लागलं, जसं काही ती उशीत, पलंगात, खालच्या दुकानापर्यंत मूळ धरून होती. मग ती बोटभर उत्तरेला गेली, आणि एकदम हलकी झाली.

मागे खुर्ची करकरली. बाईंनी वळून पाहिलं नाही.

जिन्यावर चपला वाजल्या.

एक, दोन, तीन. फटक, फटक, उजवा पाय जरा घासत. सात. सातवीवर थांबल्या. कठडा कुरकुरला. त्या थांबण्यात बाईंनी धाप ऐकली, ओली, खोल, छातीतून शिट्टी काढणारी, दोन वर्षं ऐकून ऐकून जिचा त्यांनी कंटाळा केला होता ती. पेटीतला आवाज वर चढत होता. आठ. नऊ. तेरा. चौदा.

बाई दाराकडे धावल्या आणि त्यांनी दार उघडलं.

उंबऱ्याबाहेर चपलांचा जोड होता. टाचेला झिजलेला, लाल मातीनं माखलेला, माती अजून ओली. शेजारी शेजारी, तोंड घराकडे. जिना खालपर्यंत रिकामा होता आणि खालची कडी आतून लागलेली होती.

खोलीतून पेटीतली बाई म्हणाली, 'रीडिंग कम्प्लीट. थँक यू.'

आत खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर अंगरखा, त्यात खोचलेली सुई, सुईत दोरा. सुपारी उशीवरून घरंगळून पलंगाखाली गेली होती. द्रोण एका बाजूला कलंडला होता, आणि उशीच्या मध्ये, जिथे नागोजीरावांची पाठ टेकायची, तिथे खळगा पडला होता.

बाई दारातच उभ्या राहिल्या. खळगा हळूहळू वर आला, क्षणभर अडकला, आणि शिट्टीसारख्या आवाजानं पुन्हा खोल गेला.

फोन वाजला. आज सिस्टरनं नाश्त्याचं विचारलं नाही. "अम्मा, एक्केचाळीस! एकदम एवढा कसा? ठोकेही परत अडखळतायत. ती बंद केलेली गोळी लगेच द्या, आजच घेऊन या. सर तिथेच आहेत ना? त्यांना द्या फोन."

बाईंनी उशीकडे पाहिलं. वर. जरा अडकून. खाली. धापेत मध्येच एक छोटा खोकला. पहिल्या चहाआधीचा, रोजचा.

"आहेत सिस्टर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आत्ताच आले. दम लागलाय त्यांना, बोलवत नाही."

फोन ठेवून त्यांनी चपला आत घेतल्या, फडताळातून गोळी काढली, पेल्यात पाणी ओतलं. पेला उशाशी ठेवताना बांगड्या वाजल्या, तेव्हा धातूचं आठवून त्या दोन पावलं मागे सरल्या. मग पदरानं डोळे पुसले, करंगळी कुंकवात बुडवली आणि कॅलेंडरवरच्या नव्वदाव्या चौकोनात, अगदी मधोमध, ठिपका दिला.

खाडा पडला नव्हता.

"अहो," त्या उशीकडे न बघता म्हणाल्या, "चहा टाकू ना?"

आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.